तालिलिन रेल्वे: इतिहास वाचला की नुसती गाडी?

मूळ मत:
वेल्समधील तालिलिन रेल्वेचे नाव निघाले की गोष्ट हमखास १९५० पासून सुरू होते: मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले, लेखक टॉम रोल्ट यांनी सोबती जमवले आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी गाडी पुन्हा सुरू केली. कौतुक रास्तच आहे. पण हा मार्ग १८६५-६६ मध्ये घातला गेला तो ब्रिन एग्लुइस खाणीतला, छपरांना लागणारा पाटीचा दगड किनाऱ्यावरच्या टाउइन गावापर्यंत उतरवण्यासाठी. पैसा मँचेस्टरच्या मॅककॉनेल या सूतगिरणीवाल्यांचा होता; अमेरिकेतील यादवीमुळे कापूस मिळेना, म्हणून त्यांनी भांडवल दगडात घातले. (त्याच टंचाईने इकडे मुंबईत कापसाचे सट्टेवाले गबर झाले.) १९४६ च्या डिसेंबरात दरड कोसळून खाण बंद पडली, तेव्हा मात्र ती वाचवायला सभा भरली नाही. टिकली ती सहल.

प्रतिसाद १:
असहमत. या गाडीच्या डब्यांचे दरवाजे एकाच बाजूला का, हे आपण पाहिले आहे का? १८६६ मध्ये सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर आले, तेव्हा पुलांखाली डबा आणि भिंत यांत पुरेसे अंतर नसल्याचे आढळले; पूल नव्याने बांधण्याऐवजी रूळ एका अंगाला सरकवले आणि एका बाजूचे दरवाजे कायमचे बंद केले. खाणवाल्यांची ती काटकसर आजचा प्रवासीही रोज अनुभवतो. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद झाली. तिची उरलेली दोन इंजिने तालिलिनने घेतली म्हणूनच तगली.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
दरवाजांचा मुद्दा मान्य. पण प्रवासी गाडी १९७६ मध्ये खाणीखालच्या नान्त ग्वेर्नोल स्थानकापर्यंत पोहोचली; त्यापुढे ती जात नाही. त्यापुढच्या चढावर भरलेल्या वाघिणी खाली येताना दोराने रिकाम्यांना वर ओढत; खाणीचे खरे काम तिथे दिसायचे. उतरलेल्या प्रवाशांपैकी किती जण तो चढ चढतात?

प्रतिसाद २:
थोडेच चढत असतील, पण म्हणून दोष स्वयंसेवकांना का? युनेस्कोने २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला, तेव्हा खाण, खाणकामगारांचे आबेरगनोल्विन गाव आणि रेल्वे एकत्रच घेतली. शिवाय गोष्ट १९५० ला सुरू होत नाही, हे आपलेच म्हणणे पुढे नेतो: हेडन जोन्स यांनी १९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही घेतल्या होत्या आणि वाहायला दगडच उरला नव्हता तेव्हाही, १९४६ नंतर मरेपर्यंत, त्यांनी उन्हाळ्यात गाडी चालू ठेवली. रोल्ट यांच्या हाती आली ती चालती रेल्वे होती.