मदत हवी आहे: नॉट्स स्केरी फार्म, १४ वर्षांची लेक आणि भित्री आई

लोकहो,

आम्ही कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत राहतो, ब्युएना पार्कपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. तिथल्या नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कला आजवर दहा वेळा तरी गेलो असू, पण सगळं दिवसाउजेडी. लेक लहान होती तेव्हा कॅम्प स्नूपी, मग लॉग राइड, आणि येताना आर्टिशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर थांबून कढीपत्ता, कोथिंबीर आणि एकेक डोसा. असं आमचं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं.

यंदा लेकीला हॅलोविनचं रात्रीचं 'स्केरी फार्म' हवंय. वय १४. सोबत तीन मैत्रिणी. एकीच्या आईचं म्हणणं होतं की गेटवर सोडू आणि बाराला आणायला जाऊ. मी नियम वाचून दाखवला, की एवढ्या वयाच्या पोरांबरोबर २१ च्या पुढचं कुणीतरी मोठं माणूस लागतं. त्यानंतर सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. नियम वाचून दाखवणाऱ्याचं हे असंच होतं.

अडचण ही, की मी भयंकर भित्री आहे. गावच्या जत्रेत कापडी भूतबंगला यायचा, एक रुपया तिकीट. आत अंधारात ओल्या सुतळ्या टांगलेल्या असत. त्या तोंडाला लागल्या आणि मी आल्या वाटेने उलटी पळत सुटले. एक चप्पल आतच राहिली. तिथल्या माणसाने चप्पल परत दिली, रुपया नाही दिला. त्यानंतर मी असल्या कशातही पाऊल टाकलेलं नाही.

तेव्हा कुणी गेलं असेल तर सांगा. भुताचं काम करणारे ते लोक अंगाला हात लावतात का? मेझमध्ये (म्हणजे चालत जायचे ते अंधारे भूतबंगले) मधेच नको झालं तर बाहेर पडता येतं का? लेकीला हलका दमा आहे आणि तिथे धूर फार असतो म्हणतात, त्याचं काय करायचं? गर्दी कमी कुठल्या वारी असते? रांग टाळायचा तो वेगळा पास घ्यावा का? चार पोरींचा मिळून आकडा बघून मला मेझच्या आधीच घाम फुटलाय.

ता. क. सासूबाई सध्या इथेच आहेत. "पितृपक्षात पैसे देऊन भुतं बघायला जाणार?" असं त्यांनी एकदाच विचारलं. त्यामुळे सर्वपित्री अमावास्या उलटल्यावरच जायचं, हे ठरलंय.

ओसीकर_काका

आम्ही तीन वर्षं जातोय. गुरुवार किंवा रविवार धरा, शनिवारी चुकूनही जाऊ नका. आणि ऑक्टोबरच्या शेवटाकडे ढकलू नका, जितकं आधी तितकं बरं. दिवसाचं पार्क लवकर बंद करतात आणि संध्याकाळी सातला हे उघडतं. सातला पोहोचायचं म्हणजे सव्वासहाला गेटपाशी उभं राहायचं. आत शिरल्यावर समोर दिसेल त्या मेझला सगळे चिकटतात. तुम्ही सरळ पार मागे चालत जा आणि तिथून पुढे या. मेझ पाचेक मिनिटांत संपतो, रांग मात्र तासाची. पासाचं म्हणाल तर गुरुवारी लवकर गेलात तर नको. शनिवारीच जायचं असेल तर पर्याय नाही, पण मग शनिवारी का जायचं?

पोरींना सांगा, मुखवटे आणि हॅलोविनचे वेश घरी ठेवायचे. पाहुण्यांना ते चालत नाहीत, कारण मग आतलं भूत कोण आणि बाहेरचं कोण हे कुणालाच कळणार नाही. आणि पुढून बंद असलेले बूट घाला. सँडल घालून गेलेली आमची वहिनी दुसऱ्या दिवशी जिना उतरत नव्हती.

निवांत_नाना

बाई, तुम्ही जिथे जाताय ते या धंद्याचं आद्यपीठ आहे हो. १९७३ साली इथे तीन रात्री हे पहिल्यांदा झालं. कॅलिको माइन राइड आणि लॉग राइडमध्ये राक्षस नेऊन उभे केले होते. युनिव्हर्सलने ऑर्लँडोला सुरू केलं ते १९९१ मध्ये.

अजून एक गंमत. तिथलं घोस्ट टाउन, म्हणजे जुन्या ओसाड गावासारखा पार्कचा भाग, वॉल्टर नॉट यांनी १९४० पासून बांधायला घेतलं ते कशासाठी, तर त्यांच्या बायकोच्या हातचं चिकन खायला लोक तासन् तास ताटकळायचे, त्यांचा वेळ जावा म्हणून. म्हणजे तिथे मुळात आधी रांग आली आणि करमणूक नंतर. तुम्ही रांगेत कंटाळाल तेव्हा हे आठवा.

तिथे एक हिरवी चेटकीण फिरते, जुनी मानकरी आहे. आपल्या हडळीसारखे पाय उलटे नाहीत, मी खाली वाकून बघून घेतलंय.

भुताची_आई

नाव वाचून हसू नका. माझ्या मुलाने कॉलेजात असताना एका पार्कमध्ये (हे नव्हे) दोन सीझन भुताचं काम केलं. घरी येऊन रोज सांगायचा, त्यामुळे मला आतलं बरंच माहीत झालंय.

ते अंगाला हात लावत नाहीत. तुम्हीही त्यांना लावायचा नाही. चेहऱ्याच्या अगदी जवळ येतात, श्वास ऐकू येईल इतके, पण तेवढंच. त्यांना शिकवतात की माणसाला पुढच्या दिशेने घाबरवायचं, म्हणजे ते पुढे पळेल. मागे पळालं तर रांग तुंबते, माणसं एकमेकांवर पडतात. (तुम्ही जत्रेत नेमकं उलटं केलंत!) भिंतीत एक फट किंवा खिडकी असते, तिच्यामागे तो उभा असतो. समोरच्या भिंतीवर काहीतरी लक्ष वेधणारं ठेवलेलं असतं, एखादी बाहुली, लुकलुकणारा दिवा. तुम्ही तिकडे बघता आणि हा दुसरीकडून येतो. एवढं कळलं की निम्मी भीती जाते. जिथे फार बघण्यासारखं दिसेल, तिथे विरुद्ध बाजूला नजर ठेवा.

आणि ते ओळीतला कोण निवडतात ते सांगू? जो पुढच्याच्या पाठीत तोंड खुपसून, शर्ट मुठीत धरून चालतो तो. माझा मुलगा म्हणायचा, "आई, शर्ट धरलेला दिसला की माझी पाळी आली म्हणायची." तेव्हा हात खिशात घाला, मान सरळ.

मधेच नको झालं तर जागोजागी आपत्कालीन दारं असतात आणि पार्कचे कर्मचारी उभे असतात. त्यांना सांगा, ते बाहेर काढतात. त्यात लाज कसली.

घोस्ट टाउनच्या रस्त्यावर मात्र सांभाळा. तिथे स्लायडर असतात. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या लावून धावत येतात आणि काँक्रीटवर गुडघ्यांवर घसरत थेट तुमच्या पायापाशी. ठिणग्या उडतात. धुक्यात आधी फक्त आवाज येतो, पत्रा फरफटल्यासारखा. मेझपेक्षा मला त्याचीच धडकी भरली होती.

पोह्यांवर_लिंबू

दम्याबद्दल: माझ्या मुलालाही आहे. तो नाटकात सोडतात तसला धूर असतो, आणि काहींना त्याने छाती भरून येते. आमच्या डॉक्टरांना आधी विचारून गेलो होतो, तुम्हीही विचारा. इन्हेलर लेकीच्या स्वतःच्या खिशात हवा, तुमच्या पर्समध्ये नको, कारण आत तुम्ही दोघी एकत्र राहाल याची खात्री नाही. बंद मेझमध्ये धूर कोंडतो. दोन मेझच्या मधे वीस मिनिटं मोकळ्यावर काढा. आणि फिट येण्याचा इतिहास कुणाला असेल तर झगझगणारे दिवे आहेत, तिथे जाऊच नका.

१४ वर्षं मला लहान वाटतात, पण तुमची लेक तुम्हाला माहीत. अनाहाइमला डिस्नीचं ऊगी बूगी बॅश आहे, गोळ्या-चॉकलेटं वाटतात, भीती शून्य.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ऊगी बूगीचं लेकीला सुचवून पाहिलं. "आई, मी सहा वर्षांची नाहीये." विषय संपला. गुरुवारची तिकिटं काढलीत. डॉक्टरांशीही बोलले, इन्हेलर बरोबर ठेवून जा म्हणाले.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

जाऊन आले. जिवंत आहे.

पहिल्या मेझमध्ये हात खिशात, मान सरळ वगैरे काही जमलं नाही. मी खाली जमिनीकडे बघत चालले. त्यामुळे मला फक्त भुतांचे पाय दिसले. एका प्रेताच्या फाटक्या झग्याखाली पांढरे स्नीकर्स होते आणि डाव्याची नाडी सुटलेली. "अरे, अडखळशील" असं मराठीत तोंडातून निघून गेलं. तो क्षणभर थबकला, मग जास्तच जोरात ओरडला. पण तिथून पुढे मला बरं वाटायला लागलं.

तिसऱ्या मेझमध्ये लेकीची एक मैत्रीण रडायला लागली, तीच जिला सगळ्यात जास्त यायचं होतं. भुताच्या_आई, तुम्ही सांगितलंत म्हणून दार शोधायला वेळ गेला नाही, कर्मचाऱ्याला हात केला आणि दोघी बाहेर. बाकीच्या तिघी पुढे गेल्या. आम्ही बाकावर बसून बॉयझनबेरी घातलेला फनेल केक खाल्ला. समोरून एक स्लायडर आला, तिचे डोळे बघितले आणि आमच्याकडे न वळता दुसऱ्याच एका टोळक्याच्या पायात जाऊन घसरला. भला माणूस.

लेकीला एकदाच इन्हेलर लागला, घोस्ट टाउनच्या धुक्यात. मधे मोकळ्यावर थांबायचा सल्ला अगदी योग्य होता, आणि पास घ्यावा लागला नाही. सात मेझ झाले तिचे, माझे चार.

घरी पोहोचलो साडेबाराला. सासूबाई जाग्या. काही न बोलता मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन लेकीची दृष्ट काढली आणि सवयीने तव्यावर टाकल्या. दुसऱ्या मिनिटाला घरभरचे स्मोक अलार्म एकदम कोकलायला लागले. स्टुलावर चढून अलार्म बंद करेपर्यंत समोरच्या घरातले दिवे लागले होते. सासूबाई पदर तोंडाला लावून खोकत म्हणाल्या, "केवढी लागली होती बघ."