आशाताईच्या पिशवीतली सुई कोणी काढली?

मोहफूल
परवा मामेबहिणीचं बाळ बघायला गावी गेले होते. बाळ चौदा दिवसांचं. मी असतानाच आशाताई आल्या. साबणानं हात धुतले, बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, झोळी अडकवून वजन केलं. सगळं चोख. मी सहज विचारलं, "आत्ता ताप निघाला असता तर?" म्हणाल्या, "चिठ्ठी लिहिते, गाडीला फोन लावते." आणि औषध? "इंजेक्शन आम्हाला नाही हो."

घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत जिथून आली तिथं सुई होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना तयार केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८. आणि उपचार काय, तर दोन अँटिबायोटिकं: जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडातून कोट्रायमॉक्साझोल.

२०११ मध्ये केंद्रानं हीच पद्धत देशभरच्या आशांकडे दिली आणि तेवढी सुई गाळली. ताप मोजा, वजन करा, फॉर्म भरा. नवरदेवाला घरी ठेवून वरात निघाली! संशोधन इथलं, पुरावा इथला, मग धोरण लिहिताना नेमका कामाचा भाग कुणाला नको झाला? सुई परत द्या. सगळीकडे नको तर निदान जिथं पावसाळ्यात नदी आडवी येते तिथं तरी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडला गाडी येणार कुठून?

रात्रपाळी
साफ असहमत. मी नवजात कक्षात काम करतो, म्हणून जरा लांबण लागेल.

तुम्ही सांगताय तो काळ घरच्या बाळंतपणाचा. तुलनेच्या गावांत तेव्हा हजारी साठच्या आसपास बाळं महिन्याच्या आत जात होती. २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा आकडा ११ आहे, आणि पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. आज माझ्याकडे जी बाळं जातात त्यातली बरीचशी अपुऱ्या दिवसांची, नाहीतर जन्मताना गुदमरलेली. एक किलो शंभर ग्रॅमच्या बाळाला सुई नाही, ऊब आणि ऑक्सिजन लागतो.

दुसरं, जेंटामायसिन म्हणजे खोकल्याचं औषध नव्हे. डोस वजनावर ठरतो. चुकला तर कान जातो, मूत्रपिंडाला इजा होते. आणि एकदा सुई टोचली की घरचे म्हणतात, "झालं ना इंजेक्शन, आता बघू उद्या." तो 'उद्या' माझ्याकडे येतो तेव्हा पाय बर्फासारखे गार आणि बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातोय. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गाडी आणि उपचार फुकट आहेत. ती गाडी वेळेवर येईल असं बघा.

खडूस काका
गाडी! वा! आमच्या फाट्यावर या एकदा, गाडीची वाट बघायला सोबत होईल.

मोहफूल
@रात्रपाळी, दवाखाना म्हणजे सुरक्षित हे जरा सावकाश म्हणा. २०१६ साली दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजातांचा अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर असे जंतू, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे. ते जंतू गावातल्या आशानं नाही पोसले. आणि जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याला नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली, तीही दवाखान्यातच होती.

रात्रपाळी
भंडाऱ्यावर मी वाद घालणार नाही. त्या आठवड्यात आम्ही आमच्या कक्षातले सगळे स्विचबोर्ड स्वतः मोजले होते. एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर, दोन बाळं आम्हीही ठेवतो, लपवायचं कशाला. पण म्हणून बाळाला घरी ठेवा, हे कसं निघतं? कक्ष सुधारा, परिचारिका भरा.

आकडेमोड्या
दोघांनी एक गोष्ट सोडलीत. हीच कल्पना बांगलादेशात सिलहटला राबवली, २००८ चा निष्कर्ष ३४ टक्के घट. पाकिस्तानात सिंधमधल्या हाला इथं २०११ मध्ये १५ टक्के. ६२, ३४, १५. गाव बदललं की आकडा उतरतो. हालाला काम सरकारी 'लेडी हेल्थ वर्कर'नी केलं, गडचिरोलीत संस्था रोज पाठीशी उभी होती. ६२ टक्के सुईचे किती आणि देखरेखीचे किती, हे सांगा. धोरण करणारे पहिला आकडा भाषणात घेतात आणि तिसऱ्याएवढा खर्च करतात.

मोहफूल
मुद्दा चांगला आहे, पण सिलहटला घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर कार्यकर्ती इंजेक्शन द्यायची. हालाला भर सल्ल्यावर आणि आजारी बाळाला पुढे पाठवण्यावर होता. तुमचीच उतरंड माझ्या बाजूनं बोलते की!

आकडेमोड्या
दोन देश, दोन यंत्रणा. एवढ्यावरून सुईला श्रेय देता येणार नाही. आणि २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंना, जेंटामायसिन द्यायची मुभा आहेच. म्हणजे सुई पिशवीतून गेली ती उपकेंद्राच्या कपाटात.

खडूस काका
आणि कपाटाची किल्ली?

बिनपगारी
मी आशा आहे. इतका वेळ वाचत होते, आता लिहिते.

तुम्ही सगळे बाळाबद्दल बोलताय, फेऱ्यांबद्दल कुणी नाही. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, सगळ्याचे मिळून २५० रुपये, तेही फॉर्म पूर्ण झाल्यावर. पाच फेऱ्या झाल्या आणि बाई माहेरी गेली तर? सुई आली तर नवीन रजिस्टर येईल, हे मला आत्ताच दिसतंय.

पण रात्रपाळी सर, तुम्ही म्हणता सुई दिली की घरचे निवांत होतात. आमच्याकडे उलटं होतं. मी चिठ्ठी लिहिते तेव्हा सासू म्हणते, "हिच्याजवळ नुसता कागद." मग ते बाजारच्या गावातल्या एकाकडे नेतात. तो कुठलंही इंजेक्शन देतो, वजन न बघता.

मोहफूल
ताई, प्रशिक्षण नीट मिळालं आणि सुई दिली, तर घ्याल?

बिनपगारी
घेईन. पण लेखी पाहिजे. बाळाला काही झालं तर गाव पहिलं माझ्या दारात येतं, तालुक्याच्या साहेबाच्या नाही. आणि त्याआधी वजनकाटा बदलून द्या, दिवाळीपासून मागतेय.

रात्रपाळी
काय झालंय काट्याला?

बिनपगारी
रिकाम्या झोळीला दोनशे ग्रॅम दाखवतो. मी तेवढे वजा करून लिहिते.