मदत हवी आहे: शुगरच्या गोळ्या वाढल्यापासून आईच्या पोटाचे हाल (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ६४, मधुमेह जुना, राहायला सिडकोत. इतकी वर्षं मेटफॉर्मिनच्या ५०० च्या गोळीवर शुगर आटोक्यात होती. दिवाळीनंतरच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवलं आणि जोडीला वोग्लिबोज दिलं. शुगर उतरली, पण पोट तेव्हापासून ठिकाणावर नाही.

जेवण झालं की थोड्या वेळात पोटाला गुब्बारा धरतो. शेजारी बसलं तर गुडगुड ऐकू येते. सकाळी चहा घेतला की लगेच जावं लागतं, आणि एकदा जाऊन भागत नाही. तोंडात कळकलेल्या ताकाची चव राहते म्हणते. दूध तिला आधीही फारसं सोसायचं नाही, पण चहापुरतं चालायचं. आता तेही चालेना.

मला जास्त लागतंय ते पुढचं. एकादशीला बसने पंचवटीत जाऊन काळारामाचं दर्शन, मग भजनी मंडळ, हा तिचा ठरलेला दिवस. आता "वाटेत लागली तर काय करू?" म्हणून घराबाहेर पडायलाच तयार नाही. निफाडची मावशी आली तेव्हा सगळे मिसळ खायला गेले, ही घरी मऊ भात खात बसली. ज्याने-त्याने सांगितलं म्हणून दूध बंद, गहू बंद, डाळी बंद. ताटात भात, तूप आणि दुधी एवढंच उरलंय, आणि शुगरच्या माणसाला नुसता भात कसा चालेल?

परवा तिचा औषधांचा डबा आवरला, तर गोळ्यांचा हिशोब लागेना. असायला हव्यात त्यापेक्षा जास्त शिल्लक. विचारल्यावर म्हणाली, बाहेर जायचं असेल त्या दिवशी घेत नाही. डॉक्टरांपुढे मात्र "बरं आहे" एवढंच. जुलाबाचं परक्या माणसापुढे काय बोलायचं, असं तिला वाटतं.

यातलं गोळीचं किती आणि दुधाचं किती, हे ओळखायचं कसं? गोळी न चुकवता पोट सांभाळलंय असं कुणी आहे का? आणि डॉक्टरांना थोडक्यात पण नीट कसं सांगावं? गुरुवारची वेळ घेतली आहे.

औषधवाला_सातपूर

ताई, आधी पट्टी हातात घ्या. मेटफॉर्मिनच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलंय का बघा. या गोळ्या हळूहळू विरघळतात, त्यामुळे पोटाला साध्या गोळीपेक्षा कमी त्रास होतो. चिठ्ठीवर एसआर आणि हातात साधी, असं होऊ शकतं. पट्टी कापून घेतली की नाव निम्मं जातं आणि घरी कळत नाही. आख्खी पट्टी घ्या, बिल घ्या.

डोस एकदम वाढला की मेटफॉर्मिनने जुलाब होतात, हे नेहमीचं आहे. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत बसतं. गोळी जेवणासोबतच घ्यायची, अनशापोटी नाही. एसआर असेल तर तोडायची किंवा चावायची नाही. कधी शौचात गोळीचं टरफल दिसतं, औषध त्यातून उतरलेलं असतं, घाबरू नका.

गॅसचा संशय मला वोग्लिबोजवर जास्त आहे. ते पिठूळ पदार्थांचं आणि साखरेचं पचन लांबवतं, त्यामुळे न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचा गॅस करतात. म्हणजे नुसत्या भातावर राहून गॅस कमी होईलच असं नाही. ही गोळी जेवणाच्या अगदी आधी घ्यायची असते. जेवणानंतर तासाने घेतली तर उपयोग कमी.

दुर्वा_गंगापूररोड

मी जिल्हा रुग्णालयात नर्स होते, आता निवृत्त. औषधवाल्यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी घालते.

दूध न सोसणं ही ॲलर्जी नसते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर वयानुसार कमी होतं. मोठ्या कपभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यातलेही बरेच जण तेवढं एका वेळी सहन करतात. चहात तर त्याहून कितीतरी कमी दूध. त्यामुळे आधी चहा चालत होता आणि आता चालत नाही, यात गोळीचा हात असण्याची शक्यता मोठी. गोळ्यांतही भरणी म्हणून लॅक्टोज असतं, पण ते मिलिग्रॅममध्ये, त्याने सहसा काही होत नाही.

पाहायचं असेल तर दोन आठवडे फक्त दूध थांबवा, बाकी जेवण आणि गोळ्या तशाच ठेवा. मग थोडं थोडं सुरू करून बघा. एका वेळी एकच बदल. सगळंच बंद केलं तर काहीच कळत नाही, माणूस मात्र खंगतो. दही-ताक सोडू नका, विरजणात बरंचसं लॅक्टोज कमी झालेलं असतं. आई शाकाहारी असतील तर हे फार महत्त्वाचं आहे: वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसाला बी१२ मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून. तळपायाला मुंग्या येतात का विचारा, बी१२ ची रक्ततपासणी करून घ्या.

शौचात रक्त, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काही असेल तर गुरुवारची वाट बघू नका. जुलाब-उलट्या जोरात असतील आणि अंगातलं पाणी कमी होत असेल, तर मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवायचं का हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारा.

कारलं_मेथी

गोळ्या सोडा, सकाळी कारल्याचा रस द्या. आमच्याकडे सगळे घेतात.

दुर्वा_गंगापूररोड

कृपया असं सांगू नका. गोळ्या चुकल्या की शुगर वर जाते, आणि डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, म्हणून डोस आणखी वाढतो. या आईंच्या बाबतीत हेच झालं तर त्रास दुप्पट.

ओझरकर

घरात शुगर-फ्री बिस्किटं किंवा मिठाई आहे का? माझ्या वडिलांचे जुलाब त्यानेच होते. पाकिटामागे सॉर्बिटॉल, माल्टिटॉल लिहिलेलं असतं. ते आतड्यात पाणी ओढतं. बंद केल्यावर वडिलांना निम्मा आराम पडला.

आणि एक, वोग्लिबोज चालू असताना शुगर खाली गेली तर साखर किंवा पेढा देऊन पटकन वर येत नाही, कारण तीच साखर फोडायचं काम गोळीने लांबवलेलं असतं. ग्लुकोज पावडर घरात आणि पर्समध्ये ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी सोबत असेल तर हे विसरू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठी आणि पट्टी शेजारी ठेवून पाहिली. चिठ्ठीवर एसआर आहे, पट्टीवर नाही. आमच्या नेहमीच्या दुकानातून कापून दिलेली पट्टी होती. बदलून आणली आहे, पण डोस तोच बरोबर का, हे डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी हो म्हटलं. शुगर-फ्री बिस्किटांचा पुडाही निघाला, आणणारी मीच. तळपायाच्या मुंग्यांबद्दल विचारलं तर आई म्हणाली, "त्या तर केव्हाच्याच आहेत, वयाच्या असतील." बी१२ उद्याच करतो.

गुरुवारसाठी आईकडूनच वही लिहून घेतेय. काय खाल्लं, गोळी किती वाजता, किती वेळा जावं लागलं, कोणत्या दिवशी गोळी घेतली नाही. तोंडाने सांगायला लाजते, पण लिहायला तयार झाली. वही डॉक्टरांपुढे ठेवायची, तिला बोलायची सक्ती नाही.

दुर्वाताई, औषधाचा त्रास सरकारकडे कळवता येतो असं ऐकलंय. सामान्य माणसाला जमतं का?

दुर्वा_गंगापूररोड

जमतं. भारतात २०१० पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. पट्टीवरचा बॅच नंबर आणि गोळी कधी सुरू केली ते हाताशी ठेवा.

धागाकर्ती

ठीक, बॅच नंबर लिहून ठेवते. लॅक्टोजसाठी श्वासाची तपासणी असते म्हणतात, फुंकर मारून हायड्रोजन मोजतात ती. नाशिकमध्ये कुणी करून घेतली असेल तर कुठे केली आणि आदल्या दिवशी काय खाऊ दिलं नाही, तेवढं सांगा. आईला पुण्यापर्यंतचा प्रवास सध्या झेपणार नाही.