लिस्बनमधली जन्मनोंद आणि आपले नागरिकत्व

सांजवात
माझे आजोबा (आईचे वडील) १९४० च्या दशकात गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका खेड्यात जन्मले. त्यांच्या जन्मनोंदीच्या आधारे आधी मामांची आणि मग स्वतःची नोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज पासपोर्ट काढावा, असे माझ्या मामेभावाने ठरवले आहे. मामांचे म्हणणे असे की, मुलगा देश सोडत नाही, फक्त एक कागद करतो आहे. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये तिथले भारताचे सार्वभौमत्व मान्यही केले. असे असताना त्यानंतर कितीतरी वर्षांनी भारतात जन्मलेल्या मुलाला परका देश आपला नागरिक कसा मानू शकतो? हा आपल्या सार्वभौमत्वावरचा घाला नव्हे काय?

तळटीप
घाला म्हणता येणार नाही. पोर्तुगाल गोव्याच्या भूमीवर कोणताही हक्क सांगत नाही. मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेली व्यक्ती जन्माने पोर्तुगीज नागरिक होती आणि ते नागरिकत्व तिच्या मुलानातवंडांना मिळू शकते, एवढेच तो देश म्हणतो. भारतानेही १९६२ च्या आदेशाने त्याच माणसांना आपले नागरिक करून घेतले. आपला कोण हे प्रत्येक राष्ट्र स्वतःच्या कायद्याने ठरवते. इथे दोन कायद्यांची बोटे एकाच माणसाकडे वळली, इतकेच.

मामांचे म्हणणे मात्र मुळीच खरे नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. नुसत्या जन्मनोंदीनेही ते जाते की नाही, यावर गोव्यात बराच वाद झाला असून तो आमदारांच्या पात्रतेपर्यंत पोहोचला होता. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे) काढता येते; परंतु त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

रात्रपाळी
मी ब्रिटनमधल्या स्विंडनला राहतो. इथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि माझ्या ओळखीतला एकही जण पोर्तुगालमध्ये राहिलेला नाही. ओढ लिस्बनची कधी नव्हतीच. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघात) गेला आणि ब्रिटन तेव्हा त्यात होताच, त्यामुळे त्या पासपोर्टावर ब्रिटनमधल्या गोदामांत आणि कारखान्यांत परवान्याविना काम करता येऊ लागले, हे खरे कारण. गंमत अशी की, मडगावच्या माझ्या सोबत्याला दवाखान्यात पासपोर्ट पाहून पोर्तुगीज दुभाषी देऊ केला गेला, तेव्हा आपल्याला ती भाषा येत नाही हे त्या गृहस्थाला इंग्रजीत समजावून सांगावे लागले.

आता तो रस्ताही पूर्वीसारखा उरलेला नाही. युरोपीय संघातून बाहेर पडायचे का, यावर ब्रिटनने २०१६ मध्ये सार्वमत घेतले, कौल बाहेर पडण्याचा लागला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून मुक्त संचार बंद झाला. त्याआधी आलेल्यांना अर्ज करून राहता आले, मागून येणाऱ्यांना व्हिसा आला. सीमा पुसल्या गेल्या असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण आजोबांचा जन्म एका देशाच्या दप्तरात, नातवाचे नागरिकत्व दुसऱ्याच्या आणि पोटापाण्याची सोय तिसऱ्याच्या मर्जीवर, अशी ही गाठ आहे.

पाटाचे पाणी
हा विषय फक्त ख्रिस्ती कुटुंबांचा आहे असा समज दिसतो. तो चुकीचा आहे, हिंदू घरांतही अशा नोंदी झाल्या आहेत. आमच्या आजोबांचे नाव शंकर. पोर्तुगीज लिपिकाने ते एक्सपासून लिहिले, कारण त्या भाषेत एक्सचा उच्चार श होतो; वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तेच नाव एसपासून आले. हे दोघे एकच, हे सिद्ध करण्यात आमचे वर्ष गेले. राष्ट्रीय अस्मितेवर पुष्कळ बोलले जाते, पण खिडकीशी उभ्या माणसाला आधी स्पेलिंग विचारतात.

सांजवात
सर्वांचे आभार. ओसीआयचा भाग काल मामांना वाचून दाखवला. लिस्बनविषयी ते काहीच बोलले नाहीत; मात्र शेजारचे भाताचे शेत विकत घेऊन मुलाच्या नावावर करायचे त्यांच्या मनात होते, म्हणून शेतजमिनीचे वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले.