मदत हवी आहे: जत्रेसारखी कडक जिलेबी घरी का होत नाही?

बोरीकाठची: जिलेबी मऊ पडतेय. सारंगखेड्याच्या यात्रेत मिळते तशी हवी आहे, कडक आणि आत पाक भरलेली. व्हिडिओ बघून सगळं करून झालं. तरी तासाभरात वातड. शनिवारी सुरतेहून नणंद येतेय, भाच्यांनी फोनवरच "मामी, जिलेबी" सांगून ठेवलंय. लवकर सांगा. विकत आणा असं कृपया कोणी सांगू नये.

केळीबाग: ताई, पीठ कशाचं? किती वेळ आंबवता? पाक किती तारी? तळता कशात? यातलं काहीच लिहिलं नाही.

बोरीकाठची: मैद्याचंच, जिलेबी अजून कशाची असते? बाकी सगळं नेहमीसारखं.

केळीबाग: नेहमीसारखं म्हणजे कसं, तेच विचारतोय.

पांझराकाठ: बेसन घाला. वाटीभर मैद्याला मोठा चमचाभर. आमच्याकडे दिवाळीला अशीच होते, कधी मऊ पडली नाही.

साखरपाक: बेसनाने रंग नि खमंगपणा येतो. कडकपणा हवा तर तांदळाची पिठी घाला. आंबवायच्या भानगडीत पडूच नका, ऐनवेळी इनो टाका, दहा मिनिटांत पीठ तयार.

पांझराकाठ: इनोची जिलेबी म्हणजे गोड भजं. तिला आंबूस चव कुठून येणार? जिलेबीला दह्यात रात्रभर मुरलेलं पीठच पाहिजे.

साखरपाक: नोकरी करणाऱ्या बाईला रात्रभर पीठ सांभाळायला वेळ नसतो. लिंबू पिळलं की आंबूसपणा येतो.

तापीकाठनं पोऱ्या: जत्रानी जिलेबी जत्रामाच खावानी, ताई. घरमा ती चव येत नही.

रेल्वेप्रेमी: सारंगखेड्याला यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईच्याला उतरा, पुढे बस मिळते. दत्तजयंतीला यात्रा सुरू होते. घोडेबाजार बघायचा असेल तर सकाळी लवकर पोहोचा.

बोरीकाठची: यात्रा होऊन गेली, भाऊ. मला जिलेबीचं हवंय.

केळीबाग: घोड्यांचा विषय निघालाच आहे तर, यंदा मारवाडी घोडे कसे होते? आम्हाला जाता आलं नाही.

तईसमोर: घोड्यांचं वेगळ्या धाग्यावर बोलू. आमच्या काकांचं यात्रेत मिठाईचं दुकान लागायचं, जिलेबी तळायच्या तईसमोर बसून शिकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, एक जिलेबी मोडून बघा. नळी पोकळ दिसली पाहिजे. पोकळ असेल तरच पाक आत शिरतो. आंबलेल्या पिठातला वायू आणि तळताना झालेली वाफ मिळून ती पोकळी होते. आत पीठ भरीव दिसलं तर पीठ आंबलेलं नाही. पौषातल्या थंडीत रात्रभर ठेवूनही ते उठत नाही. कोमट पाण्यात दही घालून भिजवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उबेला ठेवा. वर बुडबुडे आणि आंबूस वास आला की झालं. बेसन आणि तांदळाची पिठी दोन्ही चालतात, पण थोडीच.

दुसरं भांडं. जिलेबी खोल कढईत तळू नका. तई सपाट बुडाची, उथळ असते, तेल बोटभरच. खोल तेलात धार बुडते आणि वेढे एकमेकांवर चढतात. घरी जाड बुडाचा पसरट पॅन घ्या. तेल मध्यम तापलेलं हवं. कडक तापलं तर वरून लगेच लाल होते, आतली ओल राहते आणि तीच नंतर बाहेर येऊन जिलेबी मऊ करते.

पाक एकतारी. पातळ असेल तर जिलेबी भिजून गळते, दोन तारी झाला तर आत जात नाही, वर साखर धरते. थोडं लिंबू पिळलं की साखर बसत नाही. पाक गरम आणि जिलेबी थेट तेलातून काढलेली, अर्धा मिनिट बुडवून बाहेर.

आता सांगा, पाकातून काढून कशात ठेवता?

बोरीकाठची: स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. पाहुणे येईपर्यंत गार होऊ नये म्हणून. आणि हो, तळते खोल कढईतच.

तईसमोर: मग झाकणाला धरलेलं पाणी परत जिलेबीवरच पडतं. चाळणीत किंवा जाळीवर उघडी ठेवा. यात्रेत परातीत उघडीच रचलेली असते ना!

साखरपाक: माशा बसतात त्यावर.

तईसमोर: घरी पातळ फडका टाका, वाफ निघून जाते.

पांझराकाठ: वनस्पती तुपात तळली की जास्त वेळ कडक राहते, हे कोणी लिहिलंच नाही.

खाऊगल्ली: जिलेबीपेक्षा गोडी शेव करा. बेसनाची जाड शेव तळायची, गुळाच्या घट्ट पाकात घोळायची, हवं तर सुंठ. यात्रेची खरी ओळख तीच, आणि आठवडाभर टिकते.

बोरीकाठची: गोडी शेव सासूबाई छान करतात, जिलेबीच अडलीये. काल भिजवलेलं पीठ आज दुपारी काढलं, पसरट पॅनमध्ये. नळी पोकळ आली! जाळीवर ठेवलेल्या संध्याकाळीही कडक आहेत. पण वेढे जमत नाहीत, पिशवीचं भोक फाटत जातं आणि धार जाड होते.

तईसमोर: प्लॅस्टिकची पिशवी नको. जाड मांजरपाटाचा चौकोन घ्या, मधोमध पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडा आणि कडेने बटणाच्या काजासारखे टाके घालून पक्कं करा. मूठ दाबलेलीच ठेवायची, फिरवायचं मनगट. दोन-अडीच वेढे झाले की शेवटची धार वेढ्यांवरून आडवी ओढा, म्हणजे उलटताना सुटत नाहीत.