कोथरूडमधील जुने घर पाडून नवे बांधायचे आहे : चौरस फुटाच्या दरावर अंदाजपत्रक बसवावे का?

कोथरूडकर :
आजोबांनी 1974 साली घेतलेल्या प्लॉटवरील आमचे बैठे घर पाडून तेथे खाली पार्किंग आणि वर 1,100 चौरस फुटांचे दोन मजले, असे 2,200 चौरस फुटांचे घर बांधण्याचे आम्ही ठरवले आहे. जागा स्वतःची असल्यामुळे पुण्यातल्या महागाईचा मोठा भाग आपल्याला चुकला, या समजुतीत आम्ही आजवर निश्चिंत होतो. एका ठेकेदाराने सामानासकट चौरस फुटाला 2,400 रुपये दर दिला, म्हणजे हिशेब 52 लाख 80 हजारांवर येतो. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी मात्र तोच आराखडा समोर ठेवून, 95 लाखांची तयारी असल्याखेरीज जुन्या घराची कौलेही उतरवू नका, असे बजावले. आमच्याजवळ 45 लाख आहेत आणि बँक तेवढेच कर्ज देण्यास तयार आहे. वडिलांचे वय 78 असून त्यांना जिना चढवत नाही, म्हणून लिफ्टचाही विचार आहे. एकाच नकाशावर 42 लाखांचे अंतर कसे पडते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

ओळंबा :
मी 31 वर्षे इमारत बांधकामात काढली आहेत, त्या अनुभवावर लिहितो. आपला ठेकेदार खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. त्याने दर सांगितला आणि आपण त्याला अंदाजपत्रक समजलात, एवढेच झाले आहे.

पहिला प्रश्न मोजमापाचा. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या क्षेत्रफळात, धरत नाहीत, पण तिच्यावरचा स्लॅब, कॉलम आणि बीम फुकट होत नाहीत, त्यामुळे ठेकेदार ती बहुधा अर्ध्या दराने मोजतो. 1,100 चौरस फुटांचे निम्मे 550, गुणिले 2,400, म्हणजे 13 लाख 20 हजार, आणि बेरीज 66 लाख. आता कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत "जीएसटी वेगळा" असे लिहिले आहे का ते पाहा. सामानासकट ठेक्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. 66 लाखांवर तो 11 लाख 88 हजार होतो आणि आकडा 77 लाख 88 हजारांवर जातो. यात अजून एकही नवी वस्तू घरात आलेली नाही. ठेकेदाराला सिमेंट-सळईवर भरलेल्या कराची वजावट मिळते आणि सिमेंटवरचा कर तर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा हा फायदा दरात धरला आहे का, असे त्याला स्पष्ट विचारावे.

एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी निव्वळ मजुरीचा ठेका दिल्यास त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही, हे खरे आहे. पण मग वाळूचा ब्रास (100 घनफूट) मोजून घेणे, सिमेंटची पोती कोरडी ठेवणे आणि रात्री सळई जागेवर आहे ना हे पाहणे आपल्या वाट्याला येते. नोकरी सांभाळून हे करू पाहणाऱ्यांची बचत गळतीतच गेलेली मी अधिक पाहिली आहे.

दरात सहसा न धरलेल्या गोष्टी म्हणजे जुने बांधकाम पाडणे, महापालिकेची शुल्के, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारांची (कॉलम-बीमचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांची) फी, कंपाउंडची भिंत, जमिनीखालची पाण्याची टाकी, स्वयंपाकघराची ट्रॉली, कपाटे आणि आपली लिफ्ट. बाईंचे 95 लाख मला फुगवलेले वाटत नाहीत.

लोक सळईच्या भावाची फार धास्ती घेतात. आपल्या घराला पार्किंगसह 3,300 चौरस फुटांवर चौरस फुटाला 4 किलो धरून साधारण 13 टन सळई लागेल. किलोमागे 5 रुपये वाढले तरी फरक 65 हजारांचा. त्याउलट काम अर्ध्यावर आल्यावर नातेवाइकांकडे पाहून खिडक्या आणि फरशी बदलल्याने याच्या कितीतरी पट रक्कम गेलेली मला ठाऊक आहे. सळईवर नजर ठेवायचीच असेल तर वजनावर ठेवा : 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई 10 किलो 660 ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे.

नाल्याकाठी :
ओळंबा यांनी जमिनीवरचा हिशेब मांडला आहे. मी जमिनीखालचा सांगते. बाणेरला घर बांधताना आमच्या कोटेशनमध्ये "पाया 5 फूट खोलीपर्यंत" अशी एक ओळ होती, आणि ती मी तीनदा वाचूनही तिचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. प्रत्यक्षात काळी माती 9 फुटांपर्यंत निघाली. ती जोत्यात भरायला चालत नाही, म्हणून सगळी उचलून बाहेरून मुरूम आणावा लागला आणि 4 लाख 60 हजार रुपये स्वयंपाकघरासाठी ठेवलेल्या पैशांतून गेले. आमच्यापासून तीन प्लॉट पलीकडे मात्र 3 फुटांवरच काळा पाषाण लागला आणि त्यांना टाकीसाठी ब्रेकर लावून आठवडाभर खडक फोडावा लागला. म्हणून ठेका देण्यापूर्वी दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्यावेत, आणि माती, मुरूम, मऊ खडक व कठीण खडक यांचे खोदाईचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत.

जाता जाता एक सांगते, जुन्या घरातील सागवानी चौकटी पाडणाऱ्याच्या हवाली करू नका. आमच्या देवघराचे दार आजही तेच आहे.

हप्तेबंद :
मी बँकेत गृहकर्ज विभागात काम करतो. घर बांधणीचे कर्ज एकरकमी हातात पडत नाही. आधी आपला वाटा खर्च झालेला दाखवावा लागतो आणि त्यानंतर जोते, स्लॅब, वीटकाम अशा टप्प्यांवर बँकेचा अभियंता पाहणी करून गेला की रक्कम सुटते. ठेकेदार मात्र पुढच्या टप्प्याचे पैसे काम सुरू होण्यापूर्वी मागतो. या मधल्या तीन-चार आठवड्यांसाठी आपल्या 45 लाखांपैकी किमान 8 लाख अखेरपर्यंत हाताशी राहिले पाहिजेत.

शिवाय भाड्याचे घर धरा. 32 हजारांप्रमाणे 16 महिन्यांचे 5 लाख 12 हजार होतात, आणि त्याच काळात उचललेल्या कर्जावरचे व्याजही चालू असते. 20 लाख उचलले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला सुमारे 14 हजार.

कोथरूडकर :
सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदाराला विचारले असता पार्किंग अर्ध्या दराने आणि जीएसटी वेगळा, हे दोन्ही त्याने शांतपणे मान्य केले. आम्ही विचारले नव्हते म्हणून त्याने सांगितले नव्हते. चाचणी खड्ड्यांत दोन्ही ठिकाणी 4 फुटांवर मुरूम लागला आहे. लिफ्ट रद्द करून खालीच वडिलांसाठी न्हाणीघरासह एक खोली काढावी, एका गाडीपुरती जागा ठेवावी आणि दुसरा मजला पुढे कधीतरी बांधावा, असे घरात ठरत आहे. पाया आणि कॉलम मात्र दोन मजल्यांचे आताच करून घेतले तर चालेल का?

ओळंबा :
अवश्य करावे, आणि आरसीसी सल्लागारांना ते आजच सांगावे, कारण नकाशाही त्यांना त्याप्रमाणे बदलावा लागेल. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उघड्या ठेवू नका. दोन पावसाळ्यांत त्यांची साल निघू लागते. त्यांना सिमेंटचा घोळ लावून कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून टाका, म्हणजे पुढे हातोड्याने फोडून त्या मोकळ्या करता येतील. गच्चीचा ब्रिकबॅट कोबाही (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) पुढे उखडावाच लागणार आहे, तेव्हा त्यावर महागडी चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) घालण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्यावा.