मदत हवी आहे: घरी बांधलेल्या गाडीला सस्पेन्शनचे बुश कशाचे घालावेत?

नळीबहाद्दर (धागाकर्ता)
चासी नळीची, दोन सीट, वजन ६०० किलोच्या आसपास. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी आर्म), मागे अखंड अ‍ॅक्सल, चार लिंक (चासीशी जोडणारे दांडे) आणि पॅनहार्ड रॉड (आडवा धरणारा दांडा). वापर रस्त्यावर, क्वचित ट्रॅकवर. बुश (आर्म-लिंकच्या सांध्यांतली रबर किंवा प्लास्टिकची नळकांडी) ज्यांत बसतात त्या नळ्या अजून वेल्ड व्हायच्या आहेत. सगळीकडे ९५ शोअर-ए (कडकपणाचं माप) पॉलियुरेथेन घालायचा बेत आहे. नायलॉनचा रॉडही पडून आहे, त्यातून लेथवर काढले तर?

लेथवाला
सगळीकडे एकच माल नको. बुश कसा हलतो ते आधी बघा, मग माल ठरवा.

पुढच्या विशबोनचे दोन्ही बुश एकाच अक्षावर फक्त फिरतात. तिथे पॉली उत्तम, आणि रस्त्यासाठी ८०-८५ शोअर पुरे. मागे मात्र गाडी वळणावर कलली की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि लिंकच्या टोकांना पीळ बसतो, म्हणजे बुशला फिरता फिरता झुकावंही लागतं. ९५ चं पॉली जवळजवळ झुकतच नाही. मग अ‍ॅक्सल आणि लिंक मिळून नको तेवढा ताठ अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) होतो: मागची पकड अचानक सुटते आणि ब्रॅकेट वेल्डच्या कडेला तडकतात. तिथे बाँडेड रबरच (स्टीलच्या नळ्यांना पक्कं चिकटवलेलं) घाला.

नायलॉन राहू द्या. ते पाणी शोषून फुगतं आणि स्लीव्हला (बोल्टभोवतीच्या आतल्या नळीला) आवळून बसतं. टर्निंगच करायचं तर अ‍ॅसिटाल (कडक, निसरडं प्लास्टिक) घ्या, ते पाणी फारच कमी शोषतं.

पॉलीची आतली स्टीलची स्लीव्ह बुशच्या एकूण रुंदीपेक्षा पाव ते अर्धा मिलिमीटर लांब हवी. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटने स्लीव्ह घट्ट धरायची आणि पॉली तिच्यावर फिरायचं. स्लीव्ह आखूड पडली तर पॉलीच चेपतं, आर्म जड होतो आणि बुश कुरकुरतो. स्लीव्ह गुळगुळीत हवी, गंज नको, आणि बसवताना सिलिकॉन ग्रीस.

नळीबहाद्दर
पण रबर लवकर फाटतं ना? आणि ट्रॅकवर मागचा भाग डुलणार नाही का?

लेथवाला
चांगलं रबर अकाली फाटलं तर आधी आवळणी तपासायची. बाँडेड बुश घसरत नाही, रबर स्वतः पिळलं जातं. समजा लिंक ३०० मिमी आणि चाकाची चाल वर-खाली ७५-७५ मिमी, म्हणजे साधारण १४.५ अंश. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर १४.५ अंश पिळलेलं असतं आणि खड्ड्यात २९ अंशांवर जातं. शिवाय तो पीळ गाडीला वर उचलून धरतो, त्यामुळे उंचीचं मापही खोटं येतं. गाडी चाकांवर, चालकाचं वजन सीटवर, मगच शेवटचं आवळा. रबर दाबून बसवताना साबणाचं पाणी वापरा. तेल किंवा साधं ग्रीस लावलं तर नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं.

डुलण्याचं म्हणाल, तर अ‍ॅक्सलला आडवं धरतो पॅनहार्ड. त्याच्या दोन्ही टोकांना रॉड-एंड (धातूच्या गोळीचा सांधा) लावा. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार द्या, रॉड-एंडच्या आट्यांवर वाकवणारा भार येऊ देऊ नका. धूळ-पाण्यासाठी रबरी टोपी हवीच. थोडा आवाज चासीत येईल, तो सोसा.

पाव_मिलिमीटर
पॅनहार्डचं पटलं, पण पुढे मी अ‍ॅसिटालच घालीन. पॉलीची चिकटून-सुटण्याची खोड त्यात नाही. अट एकच, दोन्ही नळ्या तंतोतंत एका रेषेत हव्यात. थोडा तिरकसपणा पॉली पोटात घालतं, अ‍ॅसिटाल नाही. स्लीव्हवर ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक ठेवा, आणि ती बुश नळीत दाबून बसवल्यावर मोजा, कारण दाबताना आतलं भोक आवळतं. तापल्यावर अ‍ॅसिटाल स्टीलच्या कितीतरी पट प्रसरण पावतं, त्यामुळे याहून घट्ट ठेवू नका.

वेल्डिंग करताना नळ्यांत बुश नकोतच. दोन्ही नळ्यांतून एकच सरळ स्टीलचा दांडा घाला, टॅक करा (ठिपक्यांनी तात्पुरतं जोडा), मग आलटून-पालटून थोडं थोडं वेल्ड. नळी तरीही थोडी अंडाकृती होतेच, म्हणून थंड झाल्यावर बोअर किंवा रीम करा (भोक कापून गोल, मापाचं करा) आणि बुशचं बाहेरचं माप त्या भोकावरून काढा.

शेवटी स्प्रिंग काढून तपासा. अ‍ॅसिटालचा विशबोन सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. मागे एकच चाक जॅकने पूर्ण चालीभर उचला. मध्येच अडकलं तर आधी ब्रॅकेटचा कोन बघा.